दुपारी एकपर्यंत सूप गरम: वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की या सदराच्या टपालात डब्यांचे प्रश्न वाढतात. यंदा बहुतेक पत्रं सूप, सार, कढण न्यायच्या स्टीलच्या जारबद्दल आहेत. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : ५०० मिलीचा व्हॅक्यूम जार आहे. खोक्यावर ‘१२ तास गरम’ असं छापलंय. सकाळी सव्वासातला रात्रीचं सूप गरम करून अर्धा जार भरते आणि दीड वाजता उघडते, तोवर ते जेमतेम कोमट असतं. जार खराब आहे का? (वाचक, ऐरोली)

बहुधा नाही. तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही सुपाच्या विरोधात जातात.

पहिली गोष्ट खोक्यावरच्या आकड्याची. ‘गरम’ म्हणजे किती अंश, ते तिथे लिहिलेलं नसतं. शिवाय अशा चाचण्या सहसा जार पूर्ण भरून, ९५ अंशांच्या आसपासच्या पाण्याने करतात. जपानी कंपन्या सहा तासांनंतरचं तापमान अंशांत छापतात, ती पद्धत चांगली. नुसते तास छापलेल्या खोक्यावरून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट अर्ध्या जारची, आणि खरं नुकसान इथेच होतं. जारमधून बाहेर जाणारी उष्णता मुख्यतः झाकण आणि गळ्यातून जाते. ती वाट जार भरलेला असला काय किंवा अर्धा असला काय, तेवढीच राहते. आत साठवलेली उष्णता मात्र अर्धीच असते. म्हणून अर्ध्या जारमधलं सूप साधारण दुप्पट वेगाने निवतं. भरलेल्या जारने सहा तास काढले, तर तीच घसरण अर्ध्या जारमध्ये तीन तासांत होते.

तिसरी गोष्ट सुरुवातीच्या तापमानाची. ‘गरम केलं’ म्हणजे बऱ्याच घरांत वाफ दिसू लागली की गॅस बंद. तेव्हा सूप ७०-७५ अंशांवर असतं. खायला ते गरमच लागतं, पण जारला एवढं पुरत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर कडेला बुडबुडे दिसतात आणि मधलं सूप थंडच असतं.

याचं गणित मांडून पाहू. समजा एक चांगला जार पूर्ण भरला, सूप ९२ अंशांवर आणि बाहेर २८ अंश. सहा तासांनी ते ६८ अंशांवर आलं, तर जार उत्तम म्हणायचा. आता त्याच जारमध्ये अर्धंच सूप, तेही ७२ अंशांवर घातलं, तर सहा तासांनी ते साधारण ४५ अंशांवर येईल. जार तोच, पण एकदा फुंकून प्यावं लागतं आणि एकदा घटाघटा पिता येतं.

तेव्हा सूप खळखळ उकळू द्या, मधूनमधून ढवळत, पूर्ण उकळी आल्यावर आणखी दोन मिनिटं. ते उकळत असतानाच जारमध्ये उकळतं पाणी काठोकाठ भरून झाकण वर नुसतं टेकवून ठेवा, फिरवून घट्ट करू नका. पाचेक मिनिटांनी पाणी ओता, जार झटका, पुसत बसू नका, आणि लगेच सूप घाला. पळीपळीने वाढाल तर हवेतून जाताना पाच-दहा अंश सहज जातात. चोचीच्या पातेल्यातून एका धारेत ओतणं बरं. आतल्या झाकणाच्या खालच्या काठापासून एक ते दीड सेंटिमीटर जागा सोडा आणि झाकण ताबडतोब लावा. सूप गॅसवरून उतरवून मग डबा शोधायला लागलात, तर सगळी मेहनत तिथेच जाते.

जार आधी तापवण्याबद्दल थोडं. हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरही आहे, पण त्याचं महत्त्व थोडं फुगवलं गेलंय. आतल्या भिंतीचं स्टील दीडशे ग्रॅम धरलं, तर ते तापायला भरलेल्या जारमधलं सूप जेमतेम दोन अंश देतं, अर्ध्या जारमधलं चारेक अंश. झाकण आणि गळा आणखी थोडे अंश खातात. फायदा आहे, पण अर्धा जार आणि अर्धवट उकळी यांची भरपाई त्यातून होत नाही. तुम्हाला २५० मिलीच लागत असेल, तर २५०-३०० मिलीचा लहान जार घ्या. अकरा वाजता अर्धं आणि दीडला अर्धं असं खाणार असाल, तर दोन लहान जार न्या. एकदा उघडलेल्या मोठ्या जारकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

प्रश्न : जार लोकलच्या रॅकवरून पडला, पोटाला पोचा आलाय. आतलं व्हॅक्यूम गेलं की शाबूत आहे, हे घरी कसं ओळखायचं? (वाचक, घोडबंदर रोड)

जार नेहमीच्या उंचीपर्यंत उकळत्या पाण्याने भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटं थांबा. मग बाहेरून पोटाला आणि बुडाला हात लावा. व्हॅक्यूम शाबूत असेल तर तिथे खोलीइतकंच थंड लागेल. गळ्याशी एक पट्टा गरम लागेल, त्याने घाबरू नका. आतली आणि बाहेरची भिंत तिथेच एकमेकींना जोडलेली असते, त्यामुळे प्रत्येक जारचा गळा तापतो. पोट सगळीकडे गरम लागलं, तर व्हॅक्यूम गेलं. फक्त पोच्याच्या जागी गरम टिकली लागली, तर बाहेरची भिंत आत दबून आतल्या भिंतीला टेकली आहे. दोन भिंतींत अंतर काही मिलिमीटरांचंच असतं.

दोन्ही दोष घरी किंवा दुकानात दुरुस्त होत नाहीत. कारखान्यात हवा काढून बूड सीलबंद केलेलं असतं, ते पुन्हा करणारा कुणी भेटणार नाही. व्हॅक्यूम गेलेला जार कोरडा खाऊ ठेवायला वापरा.

आधी तुमचा डबा मुळात व्हॅक्यूमचा आहे ना, तेही पाहा. स्टेशनबाहेर मिळणारे बरेच ‘इन्सुलेटेड’ टिफिन बाहेरून प्लॅस्टिक, आतून स्टील आणि मध्ये फोम किंवा नुसती हवा असे असतात. ते बाहेरून थोडे कोमट लागणारच, तो दोष नाही. भात-भाजीसाठी दोन-तीन तास ते ठीक असतात, सुपासाठी दुपारपर्यंत नाहीत. अशा डब्याच्या दोन भिंतींत पाणी खळखळल्याचा आवाज आला, तर तो टाकून द्या. फोममध्ये शिरलेलं पाणी वाळत नाही आणि कुबट वास जात नाही.

प्रश्न : झाकण कधी इतकं घट्ट बसतं की उघडतच नाही, तर कधी उघडताना सूप उडतं. असं उलटसुलट का? (वाचक, कळवा)

कारणंही उलटसुलट आहेत. वरच्या मोकळ्या जागेतली वाफ निवून पाणी झाली की आत दाब कमी होतो आणि झाकण ओढून धरलं जातं. झाकणावर छोटं बटण किंवा झडप असेल तर आधी ती दाबा, फुस्स आवाज आला की झाकण फिरवा. झडप नसेल तर झाकणावर मिनिटभर गरम पाणी सोडा आणि रबरी हातमोज्याने पकडून फिरवा. चमच्याची दांडी किंवा सुरी घालून उचकटू नका. झाकणाच्या आतल्या रबरी रिंगला एकदा चीर गेली की जार रोज गळतो.

सूप उडतं ते दाब वाढल्यामुळे. जार काठोकाठ भरला असेल, किंवा भरल्या भरल्या पिशवीत जोरात हिंदकळला असेल, तर असं होतं. उघडताना तोंड स्वतःपासून लांब धरा, आधी पाव फेरा फिरवून वाफ जाऊ द्या. मात्र सकाळचा जार संध्याकाळी उघडताना झाकण फुगल्यासारखं वाटलं किंवा जोरात गॅस सुटला, तर आतलं अन्न आंबलंय. चव न घेता फेकून द्या.

गळतीबद्दलही एक सांगून ठेवतो. दहातल्या नऊ वेळा रिंगखाली भाताचं शीत किंवा कोथिंबिरीचं पान अडकलेलं असतं, नाहीतर धुतल्यावर रिंग उलटी बसवलेली असते. रिंगच्या एका बाजूला पातळ ओठ असतो. तो कोणत्या बाजूला आहे, ते नंतर कळावं म्हणून जार नवा असतानाच फोटो काढून ठेवा.

प्रश्न : टोमॅटो सूप फाटलं, नूडल्सचा लगदा झाला, पालकाचं सूप खाकी पडलं. मग न्यायचं तरी काय? (वाचक, नेरूळ)

जार म्हणजे मंद आचेवर तासन् तास ठेवलेलं पातेलं, असं धरून पदार्थ निवडा. भरल्यावर पहिले दोन-तीन तास शिजणं आत चालूच असतं.

टोमॅटोतलं आम्ल आणि दूध किंवा साय तापलेल्या अवस्थेत बराच वेळ एकत्र राहिली की फाटतात. दूध घालायचंच असेल तर आधी सुपाला थोडं कॉर्नफ्लॉवर लावून घट्टपणा आणा, मग दूध घाला. त्याने फाटणं कमी होतं, पूर्ण थांबत नाही. त्यापेक्षा साय छोट्या डबीत वेगळी न्या. नूडल्स, शेवया, पास्ता सुपात घालून नेऊच नका. शिजवून, निथळून, तेलाचा हात लावून वेगळ्या डब्यात न्या आणि खाताना वर सूप ओता. फरसबी, मटार, गाजर थोडं कच्चं ठेवूनच भरा.

पालक खाकी पडतो, कारण उष्णतेने भाजीतलं आम्ल सुटतं आणि हिरवा रंग बदलतो. चिमूटभर सोडा घातला तर रंग टिकतो, पण चव साबणासारखी होते आणि काही जीवनसत्त्वं जातात. सोडा घालू नका. पालकाचं सूप घरी प्या.

जारसाठी आपल्याकडचीच पेयं सरस आहेत. मुगाचं कढण, कुळथाचं कळण, आमसुलाचं सार, टोमॅटोचं बिनदुधाचं सार, नुसतं चिकन सूप. यांतल्या कशालाच चार तास गरम राहिल्याने बिघाड होत नाही. कढण तर मुरून उलट चांगलं लागतं. दाट कढण पातळ सारापेक्षा थोडं जास्त वेळ गरम राहतं, कारण ते आतल्या आत फिरत नाही. नारळाच्या दुधाचा रस्सा फुटतो, तो टाळा. लिंबू आणि कोथिंबीर खाताना घाला. लिंबाचा रस गरमीत तासन् तास राहिला की कडवटतो.

एक बारकी गोष्ट. जारमधूनच चमच्याने अर्धं सूप खाल्लं आणि उरलेलं ठेवलं, तर कॉर्नफ्लॉवरचं सूप संध्याकाळी पाण्यासारखं पातळ झालेलं दिसतं. चमच्याबरोबर लाळ आत जाते आणि तिच्यातलं एन्झाइम पिठाचा दाटपणा मोडतं. वाटीत ओतून खा.

प्रश्न : रुग्णासाठी वाशीहून परळला चिकन सूप न्यायचं असतं. उरलेलं संध्याकाळपर्यंत जारमध्येच ठेवलं तर चालेल का? परत गरम करून? (वाचक, वाशी)

न्यायला हरकत नाही, ठेवायला आहे. शिजवलेलं गरम अन्न ६० अंशांच्या वर असेपर्यंत त्यात जंतू वाढत नाहीत. त्याखाली आलं की वाढू लागतात आणि ४५ अंशांच्या आसपास मांसाच्या रश्शात काही जंतू फार झपाट्याने वाढतात. त्यांचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, सूप कोमट होण्याची वाट पाहत आतच असतात. म्हणजे सूप थंडगार होण्यापेक्षा तासन् तास कोमट राहणं जास्त धोक्याचं, आणि संध्याकाळपर्यंत ठेवलेला जार तेच करतो.

परत उकळल्यानेही सगळं निस्तरत नाही. सुपात भात किंवा शेवया असतील, तर त्यांत वाढणारा एक जंतू असं विष सोडतो की ते उकळीलाही दाद देत नाही.

वाशी ते परळ हा प्रवास वेळ लागला तरी जारच्या आवाक्यातला आहे. उकळतं सूप भरलेल्या जारमध्ये तिथे पोचेपर्यंत ७५ अंशांच्या वर असायला हवं. पोचल्यावर लागेल तेवढं वाटीत काढा आणि उरलेलं घरच्या कुणीतरी तेव्हाच संपवा. जार उशाशी ठेवून जाऊ नका. केमोथेरपी चालू असेल तर बाहेरचं काय चालतं, हे आधी वॉर्डातल्या नर्सला किंवा आहारतज्ज्ञाला विचारा.

थर्मामीटर नसेल तर एक कच्चा अंदाज सांगतो. ६० अंशांवरचं सूप फुंकल्याशिवाय पिता येत नाही. उघडल्या उघडल्या सरळ मोठा घोट घेता आला, तर ते ६०च्या खाली आलेलं आहे. किती वेळापूर्वी आलं, ते कळायला मार्ग नाही. निरोगी माणसाने जोखीम घ्यायची की नाही हे स्वतः ठरवावं, रुग्णाला मात्र देऊ नये. टोचून मोजायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि रोज जार नेणाऱ्या घरात तो असावाच. जारची परीक्षाही त्यानेच करा. उकळतं पाणी नेहमीच्या उंचीपर्यंत भरा, मध्ये एकदाही न उघडता सहा तासांनी मोजा. ६०च्या वर असेल तर जार कामाचा.

प्रश्न : भिजवलेला राजमा आणि उकळतं पाणी जारमध्ये घालून रात्रभर ठेवलं तर सकाळी शिजलेला मिळेल, असं ऐकलं. महापेत रात्रपाळी असते, उपयोग होईल. (वाचक, कोपरखैरणे)

राजमा अजिबात नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते पूर्ण उकळीतच नष्ट होतं. जारमध्ये ८० अंशांवर राजमा मऊ होतो पण ते प्रथिन टिकतं, आणि अशा अर्धवट शिजलेल्या राजम्याचा त्रास कच्च्यापेक्षाही जास्त होऊ शकतो. काही तासांतच जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. राजमा भिजवा, ते पाणी फेका आणि कुकरला शिजवा. शिजलेल्या राजम्याचं उकळतं सूप जारमध्ये खुशाल न्या.

जारमध्ये शिजवायचीच असेल तर मुगाच्या डाळीची पातळ खिचडी जमते. ५०० मिलीच्या जारला २ टेबलस्पून तांदूळ आणि २ टेबलस्पून मूगडाळ घ्या, अर्धा तास भिजवून निथळा. साधारण ४०० मिली पाण्यात हळद, मीठ, आलं घालून गॅसवर पाच मिनिटं खळखळ उकळा, मग तापवलेल्या जारमध्ये ओता. दीड-दोन तासांत मऊ होते. न उकळता कोरडे तांदूळ आणि वरून गरम पाणी, असं केलंत तर तांदूळच उष्णता खातात आणि दाणा कच्चा राहतो.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळासाठी पेज खाण्याजोगी कोमट करून जारमध्ये भरते, म्हणजे गाडीत लगेच देता येते. (वाचक, सानपाडा)

असं करू नका. कोमट पेज जारमध्ये कोमटच राहते, म्हणजे जंतूंना हव्या त्याच तापमानावर. पेज उकळती भरा, लहान जार वापरा, तीन-चार तासांत उघडा, लागेल तेवढीच वाटीत काढून निववा, ढवळा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. बाळाचा चमचा जारमध्ये घालू नका. उरलेली फेकून द्या.

प्रश्न : झाकणाला लसणाचा वास आणि हळदीचा पिवळा रंग, दोन्ही जात नाहीत. (वाचक, नौपाडा)

वास स्टीलला नसतो, रिंगला असतो. रिंग काढा, वाटीभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास बुडवा आणि धुऊन उघडीच वाळवा. जारमध्ये सोड्याचं गरम पाणी भरलंत तर झाकण लावू नका, आत वायू सुटतो. हळदीचा डाग उन्हात दोन-तीन दिवस ठेवला की फिका पडतो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने आत पांढरा थर आला असेल, तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून तासभर ठेवा. क्लोरीनचं ब्लीच स्टीलला खड्डे पाडतं, ते नको. तारेची घासणीही नको. अख्खा जार पाण्यात बुडवून ठेवू नका. रात्री झाकण लावून ठेवायची सवय मोडा, निम्मा वास तिथूनच येतो.

प्रश्न : ३०४ स्टील आहे का, हे लोहचुंबकाने कळतं का? (वाचक, बेलापूर)

खात्रीने नाही. ३०४ आणि २०१ ही न गंजणाऱ्या स्टीलच्या प्रतींची नावं, त्यांत ३०४ चांगली. स्वस्त २०१ स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४चा दाबून आकार दिलेला भाग कधी कधी थोडा चिकटतो. आतल्या बुडावर ३०४ किंवा १८/८ (त्याच प्रतीचं दुसरं नाव) कोरलेलं आहे का आणि आयएसआय चिन्ह आहे का, ते पाहा. स्टीलच्या व्हॅक्यूम फ्लास्कसाठीचं मानक आयएस १७५२६ आहे. आमसूल, चिंच असलेलं सार चार-पाच तास ठेवायला ३०४ला काही होत नाही. खारट सार रात्रभर आत राहिलं तर मात्र ठिपके पडू शकतात.

प्रश्न : त्याच जारमध्ये उन्हाळ्यात सोलकढी थंड राहील का? (वाचक, खारघर)

राहील. इथेही जार आधी तयार करावा लागतो, फक्त उलटा. बर्फाचं पाणी दहा मिनिटं भरून ठेवा, ओता आणि फ्रिजमधली पूर्ण गार सोलकढी काठाच्या एक सेंटिमीटर खालपर्यंत भरा. बर्फ आत घातलात तर सोलकढी पाणचट होते. त्याऐवजी सोलकढीचेच काही खडे बर्फाच्या ट्रेमध्ये जमवून ठेवा आणि दोन-तीन टाका. जार फ्रीझरमध्ये ठेवून गार करू नका. आत थोडं जरी पाणी राहिलं असेल, तर ते गोठताना फुगून भिंत दबते. नारळाचं दूध लवकर आंबतं, म्हणून सोलकढी दुपारच्या जेवणापर्यंतच संपवा.